हिडी, बिडी

सिव्हिलच्या एक्स-रे खोलीत
थंडगार पत्र्याला छाती टेकवून नथानिएल उभा,
हात कमरेवर, कोपरं पुढे,
नळावर भांडायला निघालेल्या बाईसारखा.
काचेपलीकडून आवाज आला, कन्नडमध्ये: उसिर हिडी.
त्यानं श्वास धरला.
बिडी.
"मॅडम, बिडी मी जन्मात ओढली नाही."
ती पोरगी इतकी हसली
की फोटो परत काढावा लागला.

खरंच ओढली नव्हती.
तेवीस वर्षं उद्यमबागेत नुसती वाळू चाळली,
भिजवली, ठोकून साच्यात बसवली.
रात्रपाळीहून यायचा तो भुवया राखाडी करून.
मी म्हणायचे, आला माझा मातीचा माणूस,
आणि बादलीत पाणी ओतायचे.
डॉक्टर म्हणाले, सिलिका.
हा शब्द कन्नडमध्ये तोच, मराठीतही तोच.
दुभाष्या लागला नाही.

बुधवारी घरी प्रार्थना ठेवली.
रेव्हरंड हंचिनमनी अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलले,
डोळे पुसले तेवढे कुठल्याच भाषेत नव्हते.
जाताना कुणीतरी म्हणालं,
देव परीक्षा घेतो, दयाबाई.
मी कपबश्या गोळा करत होते.
मनात म्हटलं, दहावीलासुद्धा वेळापत्रक असतं.

त्यानंतर तीन आठवडे मी प्रार्थना केली नाही.
हिशोब केले.
मालकांनी कुंद्याचा डबा पाठवला, किलोभर,
डब्यावर पाकीट, पाकिटात कागद:
स्वखुशीने काम सोडले, खाली सही.
कुंदा गल्लीतल्या पोरांना वाटला.
कागद ट्रंकेत, लग्नाच्या दाखल्याखाली,
अजून कोरा आहे.

आणि मग शनिवारी रात्री लाईट गेली.
ऑक्सिजनचं मशीन एकदा ओरडलं आणि गप्प झालं.
शेजारची शांतव्वा कंदील घेऊन आली,
तिच्या पोरानं स्कूटर काढली,
सिलिंडरसाठी तिसऱ्या गेटापर्यंत, मग पुढे कुठे कुठे.
मी नथानिएलच्या मागे बसले,
त्याची पाठ माझ्या छातीला लावून.
वीस वर्षांत एवढी हलकी झालेली पाठ.
काय म्हणावं सुचेना, तर म्हटलं,
हिडी.
थोडं थांबून, बिडी.
त्याला हसू आलं, हसायला हवा नव्हती.
हिडी. बिडी.
शांतव्वाही म्हणू लागली.

मधेच तो बोलला, तुकड्या तुकड्यानं:
ओतलं ना, की झाकून ठेवायचं.
घाईनं साचा फोडला तर तडकतं.
आत काय उतरलंय
तेव्हा कुणालाच दिसत नाही.
मी विचारलं, रागानंच विचारलं,
आणि ब्लो-होल निघाला तर?
पाच श्वास गेले. मी मोजले.
"परत वितळवतात.
टाकत नाहीत."

मला ते पटलं असं नाही.
लोखंडाला विचारून वितळवतं का कुणी?
पण त्या अंधारात माझ्या लक्षात आलं
की मी कुणाशी तरी भांडते आहे
आणि जो नाही, त्याच्याशी
एवढा वेळ भांडता येत नाही.
तीन आठवड्यांनी तोंड उघडलं:
प्रभू, मी धरून बसले आहे.
माझ्या हातांना रग लागली आहे, तुला माहीत असेल.
कधी सोडायचं ते तू सांग,
कुठल्याही भाषेत सांग,
तोवर मी सोडणार नाही,
आणि तूही सोडू नकोस.
आमेन म्हणायचं राहिलं.
जिन्यात सिलिंडरचा आवाज झाला,
शांतव्वा उठून दाराकडे धावली.

पहाटे कॅम्पातली घंटा झाली तेव्हा
तो झोपला होता, तोंड उघडं टाकून.
लाईट आली नव्हती.
मी हळूच पाठीमागून निघाले,
माझ्या जागी दोन उशा लावल्या,
आणि चहाला आधण ठेवलं,
तीन कपांचं.