लेबल

शिरोड्याहून मथुरा आरोंदेकर आल्या
आगळाचं लेबल छापायला.
पिशवीत परत आलेल्या अकरा बाटल्या,
पुण्याच्या दुकानदाराची चिठ्ठी:
तळाशी गाळ. माल खराब.

मी म्हटलं, काळी बाटली वापरा,
दिसणारच नाही.

त्यांनी एक बाटली दारातल्या उन्हात धरली.
"गाळ न्हय तो. कोकमाचा आंग आसा."

मग माझंच पेन घेऊन बिलाच्या पाठीवर लिहिलं:
तळाशी बसतं ते कोकम आहे. हलवून घ्या.

"ह्याच छाप. माझ्या नावापेक्षा मोठा."

पाचशे छापली. पैसे निम्मे दिले,
बाकीच्यांच्या बदली बाटली.
ती संपली कधीच.

आता कोणी लेबल छापायला आलं
की रंग, फोटो, फाँट राहू दे,
आधी विचारतो:
तक्रार काय येते?