एक पदर जास्त

मल-सून म्हणजे शेवटची मुलगी.
आता पुरे, असं देवाला कळावं म्हणून ठेवलेलं नाव.
देवाला ऐकू आलं नाही. मागून आणखी दोघी आल्या,
मग एकदाचा भाऊ, फिल-हो.

आज तिला एक्याहत्तरावं चालू आहे
आणि जेजू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर,
काळ्या दगडांच्या आडोशाला, शेकोटीपाशी,
डॉक्टर कू तिच्या दंडाची चरबी चिमट्यात धरून मोजतो आहे.
फेब्रुवारी. वारा असा, की शब्द पोचण्याआधीच वाकडा होतो.
"बाईच्या कातडीखाली एक पदर जास्त असतो," तो सांगतो,
"म्हणून तुम्हाला थंडी कमी लागते. जात्याच."
"आणि जातं कुणी ओढलं, ते नाही विचारत?"
(कोटी मराठीतली, माझी.
ती नुसती हसली, पण याच चालीवर.)

सात वर्षांची होते, ती सांगते.
गुडघाभर पाण्याला आम्ही बाळसमुद्र म्हणायचो.
आई खडकावर उभी राहून एक शंख टाकायची.
आणला तर जेवण.
नाही आणला तरी जेवण, पण तिचं तोंड फिरलेलं.
थंडी? लागायचीच की. दात वाजायचे.
वाजणारे दात तुम्ही कुठल्या रकान्यात लिहिता?

फिल-हो त्याच पोटात नऊ महिने होता,
माझ्यानंतर, त्याच पाण्यात.
त्याला खडकाची पायरीसुद्धा कुणी उतरू दिली नाही.
मी काढलेल्या शंखांवर तो हिशेब शिकला,
बुसानला बँकेत लागला,
आता अंघोळीचं पाणी कढत नसेल तर ओरडतो.

आणि फार पूर्वी, आजीच्या आजीच्याही आधी,
इथे खोल पाण्यात पुरुष उतरायचे.
राजाला शिंपले हवे असायचे, थोरले, तळाचे.
वसुली वाढली, फटके वाढले,
पुरुष रातोरात होड्या लोटून पळाले.
कर मात्र बेटावरच राहिला.
कुणीतरी उतरायला हवंच होतं.
"तेव्हा हा पदर कुणाच्या अंगावर होता, डॉक्टर?"

डॉक्टर समासात लिहितो: ऐतिहासिक कारणे.
वाईट माणूस नाही तो. कानाच्या पाळ्या निळ्या पडल्यात त्याच्या.

पण मल-सूनही जिंकत नाही.
कारण बोलता बोलता तिला मि-र्योंग आठवते, थोरली.
तिलाही सातव्या वर्षीच उतरवलं होतं,
तसाच शंख, तसंच फिरलेलं तोंड.
कानांतून रक्त यायचं पोरीच्या.
तीन हिवाळे. मग सोडून दिलं.
"माझं शिकवणं कमी पडलं, की तिच्यातच नव्हतं,
ते मी अजून धरून बसलेय, श्वासासारखं.
पण हा वर येऊन सोडता येत नाही."

यावर डॉक्टर काहीच लिहीत नाही.

मग बर्फाची बादली. हात मनगटापर्यंत.
प्रामाणिकपणा म्हणून तो आधी स्वतःचा घालतो,
बावन्न सेकंदांत ओठ चावत बाहेर.
मल-सून हात बुडवते
आणि यंदा गाजराला भाव नाही, यावर बोलत राहते.
चौथ्या मिनिटाला विचारते, संपलं का?

घड्याळाकडे बघताना कुणाच्याच ध्यानात येत नाही,
पलीकडून बादलीत आणखी एक हात गेला आहे.
उन-चान. मि-र्योंगचा. नऊ वर्षांचा.
ओठ जांभळे, आणि श्वास सोडतो आहे शिट्टीसारखा,
आजी पाण्यावर येताना सोडते अगदी तसा.
कधीपासून, कुणाला सांगता येत नाही.
तक्त्यात त्याची ओळच नाही.

"काढ हात," मल-सून म्हणते, जरा जोरातच,
आणि तो हात दोन्ही हातांत घेऊन शेकोटीवर धरते,
चोळते, उलटा करते, पुन्हा सुलटा,
तळातून काढलेला शंख
ठेवावा की परत टाकावा, बघतात तसा.