शेवटचा बदल

नवा डबा लोकेशने बांधला,
धरणगावात, जिनिंगमागच्या गाळ्यात,
शटर अर्धं ओढून, कारण बाहेर चव्वेचाळीस.
स्क्रू बशीत. बशीत थोडा चहा राहिला होता,
एखादा स्क्रू गोड झाला असेल.

जुन्या सीपीयूच्या पोटातून कापूस निघाला,
पंख्याला गुंडाळलेला, राखाडी,
बोटात वातीसारखा वळत गेला.
त्याच्या खाली ती.
वीतभरसुद्धा नाही, पण विटेसारखी जड.
"काका, फेका ना तिले. एवढं तर पेनड्राइव्हमधी मावतं."
मी म्हटलं, एक जागा रिकामी आहे ना? लाव.

आधी नुसती टकटक,
बंद दुकानाच्या फळीवर कुणी नाणं वाजवावं तशी.
मग दिसली. तिकडे ती डी होती, इथे एफ झाली.
आत सगळं जागच्या जागी:
लग्न २००९, लग्न २०१०, लग्न २०१० नवीन,
गंधमुक्ती, केळीच्या गाडीभाड्याची पावती,
राजधर.

उघडलं तर अक्षरंच नाहीत.
कंस, डॉलर, टोप्या घातलेले ए.
लोकेश हसला.
जुना फॉन्ट जुन्याच डिस्कवर होता, तो आणून बसवला,
तशी पडदाभर नावं उभी राहिली,
आणि निमंत्रकांत तिसरं:
कै. धुडकू उखा महाजन.

तीनशे पत्रिका वाटून झाल्यावर
हेच धुडकूबाबा सायकल टेकवून आत आले होते,
घामाघूम, जिवंत.
"मी मरनू कव्हय, ते बी छापी टाकता ना भो!"
गल्ली हसली. वरपिता हसला नाही.
मी राजधरकडे बोट दाखवलं.
गंधमुक्तीच्या कार्डावरून ओळ उचलली असणार यानं,
डोळे कुठं असतात याचे, वगैरे.
बरंच बोललो, गिऱ्हाइकांसमोर.
त्यानं चष्मा सदऱ्याला पुसला,
त्याच्या नावावरचे चहाचे बारा रुपये गल्ल्यावर ठेवले,
आणि महिन्याभरात उधन्याला गेला, साड्यांच्या कारखान्यात.

लोकेशचा माउस फाइलवर थांबला. पिवळी पट्टी आली:
शेवटचा बदल, रात्री अकरा चाळीस.

राजधर अमळनेरचा.
आठच्या पॅसेंजरनं जायचा,
कितीही पत्रिका अडकलेल्या असोत.

घड्याळ चुकलं असेल, मी म्हणालो,
बोर्डावरचा सेल उतरला की तारखा भरकटतात.
होतं तसं, लोकेश म्हणाला, त्याला काय.
पण खालचीच फाइल, त्याच रात्रीची, बारा मिनिटं पुढची,
माझ्या पोरीचा बोनाफाइडचा अर्ज.
तो मी टाइप केला होता. डोळे चोळत.

"कॉपी व्हाले तीन तास दाखवू राह्यलं. जेवून येतो."
गाळ्यात मी आणि टकटक.
कर्सर नेऊन ठेवला. एका अक्षराचं काम.
कै. खोडलं, श्री. केलं.
आणि आठवलं की धुडकूबाबा गेल्याला चार वर्षं झाली,
आता तर कै.च बरोबर.

शिवाय सेव्ह केलं की तारीख आजची होईल.
अकरा चाळीस जाईल.
मग मला विचारणारं कोणीच उरणार नाही.

बदल जतन करायचे?
नाही.

लोकेश आला तेव्हा म्हटलं, नीट बसव तिला.
त्यानं दोनच स्क्रू लावले होते.
चारही लाव.