चार सेल धरून

वाशीच्या दुकानात काचेआडचा फ्लॅश
अडतीस हजारांचा होता.
विकणाऱ्याने तो बाहेरही काढला नाही,
माझ्या चपला बघून नुसता आकडा सांगितला.

मग ऐरोली, सेक्टर आठ.
ठोसरांचा पासपोर्ट फोटोंचा गाळा, आता विकायला काढलेला.
निळा पडदा गुंडाळून कोपऱ्यात उभा,
आरशाशेजारी कंगवा तेवढा अजून दोरीला लटकत.
"आधी शिट्टी ऐक," ते म्हणाले
आणि बटण दाबलं.
बारीक, वर चढत जाणारी, डासासारखी शिट्टी,
मग लाल ठिपका, मग लख्ख.
"दहा वेळा उडव. फुल पॉवरवर.
अकराव्यांदा दम लागला तर घेऊ नकोस."

सेलचं झाकण रबरबँडने बांधलेलं.
पायाला चीर, चिरेत फेविक्विक.
आपोआप काही करत नाही, सगळं हाताने.
"चुकशील," ठोसर म्हणाले, "चुकत जा.
फक्त याला कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवू नकोस.
तिथून मारलास की सगळी माणसं
आधार कार्डावरची दिसतात."

फ्लॅश अठराशे. ट्रिगरची जोडी सातशे,
तीही फक्त तीन नंबरच्या चॅनलवर बोलते.
पांढरी छत्री त्यांनी तशीच दिली,
एक काडी मोडलेली.
स्टँडपुरते पैसे उरले नाहीत.

कोपरखैरण्यात, घरी,
अण्णा मार्केटातून येऊन पाय धूत होते.
किंमत विचारतील म्हणून मी रिक्षात बसून
'बाराशे, बाराशे' असं घोकत आलो होतो.
त्यांनी फ्लॅश तळहातावर घेतला,
जरासा झेलला.
"साडेचारशे गिराम," म्हणाले. "चार सेल धरून."
कांदा-बटाट्याच्या गल्लीत एकतीस वर्षं.
किंमत त्यांनी विचारलीच नाही.
खालच्या किराणावाल्याच्या काट्यावर
मी नंतर गुपचूप ठेवून पाहिला:
चारशे सेहेचाळीस.

शनिवारी मागच्या चाळीत
वाडकरांच्या नातीचं बारसं. दीड हजार ठरलेले.
"स्टँड कशाला, मी हाय की," अण्णा म्हणाले
आणि इस्त्रीचा सदरा घालून
माझ्या डावीकडे हात वर करून उभे राहिले,
मुठीत फ्लॅश, त्याला सुतळीने बांधलेली छत्री.
"अजून वर. जरा मागे. पाळण्याकडे तिरपा."
जन्मात पहिल्यांदा मी त्यांना हुकूम सोडत होतो
आणि ते "बरं" म्हणत होते.
पेढे वाटणाऱ्या बायका त्यांना वळसा घालून जात होत्या,
खांबाला घालावा तसा.

अर्ध्या तासाने त्यांचा दंड थरथरायला लागला.
पन्नास किलोच्या गोणीला पाठ मिळते,
मान मिळते, ती अंगावर रेलते.
हा अर्धा-पाऊण किलो कशालाच टेकत नव्हता.
"हलकं हाय म्हनून जड जातंय," ते म्हणाले
आणि हात बदलला.

रात्री फोटो पाहिले.
अकरा करपून पांढरे, सात काळेठिक्कर,
एकात छत्रीची मोडकी काडीच आत घुसलेली.
पण एक होता.
पाळण्याच्या दोरीवर आत्याचे हात,
त्यांच्या शिरा, बांगडीखाली भाजल्याचा जुना डाग,
बाळाच्या गालावरची लव,
सगळं एका अंगाने उजळलेलं
आणि दुसऱ्या अंगाने हळूहळू विझत गेलेलं.
"ह्यो अर्धा काळा का ठेवलास रं?" आईने विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं, उजेड कुठून आला ते:
डावीकडून, वरून,
चौकटीच्या जरासं बाहेरून.
"तितंच हुतो मी," अण्णा म्हणाले
आणि दंडाला बाम चोळत राहिले.

वाडकरांनी हजार दिले,
पाचशे पुढच्या पगाराला.
स्टँड साडेआठशेला मिळतो.
अजून घेतलेला नाही.