बारा वाजायच्या आत

शहापूरच्या शाखेवर, दुसऱ्या मजल्यावर,
आमच्या बँकेची ट्रेझरी म्हणजे
एक मी, एक संगणक
आणि घरघरणारा पंखा.

त्या वर्षी पैसा फार झाला होता.
उद्यमबागच्या भट्ट्या थंड,
कर्ज घ्या म्हटलं तर फाउंड्रीवाले हात जोडायचे.
खडे बाजारात शटरं अर्ध्यावर.
आणि लोक, भीतीनं,
होतं नव्हतं ते आमच्याकडं आणून ठेवत होते.

रोज संध्याकाळी मोजायचं:
उद्या लागतील किती, उरले किती.
उरले ते रिझर्व्ह बँकेकडं, एका रात्रीपुरते.
आपण पैसे द्यायचे,
त्यांनी सरकारी रोखे आपल्या नावावर लावायचे.
सकाळी रोखे त्यांचे त्यांना,
पैसे आपले आपल्याला,
वर तीन पूर्णांक पस्तीस टक्क्यांनी
एका रात्रीचं व्याज.

शिपाई इराप्पा विचारायचा,
"म्हणजे देशाची बँक आमच्याकडं गहाण ठेवत्ये, होय बाई?"
होय इराप्पा. रोज. बारा वाजायच्या आत.
"आणि एवढे पैसे नेऊन करत्यात काय?"
काही नाही.
बाजारातून उचलून बाजूला ठेवतात नुसते.
फार झाले की रात्रीपुरतं उसनं
कुणी फुकटातसुद्धा देऊ लागतो.
तसं होऊ नये, म्हणून हा दर.
याच्याखाली कुणी का उतरेल?

खाली रस्त्यावर निंगोजी कंग्राळकर
खड्ड्यात लांब चावी घालून व्हॉल्व्ह पिळत असे.
"समदं सोडलं तर खालच्या गल्लीतली पायपं फुटत्यात.
आवळलं तर वरच्या गल्लीतल्या बायका मला फोडत्यात."
राकसकोपच्या तलावात पाणी किती, हे तो पेपरात वाचायचा.
दाब मात्र चावीवर हात ठेवून सांगायचा.
मला वाटलं, हा माझ्याच धंद्यातला.
मग वाटलं, छे.
चावी मुंबईत. मी गल्लीतली एक टाकी,
काठोकाठ, झाकण घट्ट.

एका मंगळवारी नेट गेलं.
अकरा पन्नास. ई-कुबेरच्या पानावर
चाक फिरतंय, फिरतंय.
मोबाइल जोडला. खिडकीत धरला. टेबलावर चढले.
ओटीपी आला बारा वाजून एक मिनिटानं.

चौदा कोटी त्या रात्री कुठंच गेले नाहीत.
तसे ते आधीही मुंबईतच होते,
आमच्या चालू खात्यात,
नुसते बिनव्याजी, जागे.
मीही.

सकाळी हुक्केरीसाहेबांनी हिशेब केला,
आकडे कानडीत पुटपुटत,
मला मराठीत झापत,
मेमो इंग्रजीत.
बारा हजार आठशे एकोणपन्नास रुपये.
सही केली.

संध्याकाळी चहाला उतरले तेव्हा
निंगोजीला सांगितलं, हसण्यावारी.
तो हसला नाही.
"ठेकेदार मला म्हैन्याला तेवढंच देतोय की, मॅडम.
खरं, तीन म्हैने तेबी न्हाई."
चावी अर्धा फेरा फिरवली,
वाकून कान लावला.
खाली कुठंतरी पाणी चालू झालं.
"आज लवकर पाठवा," म्हणाला.

पावणेसहा.
खिडकी उघडली होती.
कपात चहा तसाच.