पाणी उतरवणं

छत्तीस हिवाळे मी नळाचंच काम करतोय
होक्काइदोच्या या गावात, जिथे जानेवारीत
थुंकलं तर जमिनीवर टक् असा आवाज होतो.
पहाटे फोन वाजला की बायको डोळे न उघडताच विचारते,
"कुणाचा फुटला?"

त्या दिवशी कुवाबारांचा.
उणे सत्तावीस. सायो कुवाबारा, वय बहात्तर,
दार उघडून उभ्या, हातात फडकं,
पायांत नवऱ्याचे गमबूट.
स्वयंपाकघरभर भांडी मांडलेली: भाताचं पातेलं, सूपचे वाडगे,
कधीकाळी पोरांना न्हाऊ घातलेला एक टब,
आणि भिंतीच्या फळ्यांमागून
फाटक्या तोंडानं कुणी बडबडावं तशी धार.

आधी मुख्य चावी बंद. मग बोलणं.
(हे मी सगळ्यांना सांगतो. सगळे आधी बोलतात.)

रात्री नळाला पाणी येईना, म्हणाल्या,
म्हणून किटली उकळून ओतली त्याच्यावर.
उकळतं ओतायचं नसतं. टॉवेल गुंडाळायचा,
वर कोमट पाणी, तोंडाकडून मागे मागे,
तापलेल्या पोराचं अंग पुसावं तसं.
पण हे मी तेव्हा बोललो नाही. चीर आधीच पडलेली होती.
पाइप फुटतो तो गोठताना, गुपचूप;
बर्फच बूच होऊन बसतो चिरेत.
सकाळी कुणी शेगडी पेटवली, घर जरा उबेला आलं,
की मग त्याला रडू फुटतं.

फळी काढली. तांब्याची नळी वीतभर उललेली,
वाळलेली शेंग उलते तशी.

"रात्री पाणी उतरवलं नव्हतं का?"
"म्हणजे?"

बाई मूळच्या क्यूशूच्या, संत्र्यांच्या मुलखातल्या,
पण लग्न होऊन इथे आल्याला शेहेचाळीस वर्षं झाली.
आमच्याकडे शेजारी शेजाऱ्याला
'झोपलात का' असं विचारत नाही,
'पाणी उतरवलं का' असं विचारतो.

सांधा जोडून झाल्यावर
ओट्याशेजारचा दांडा दाखवला मी त्यांना.
निजायच्या आधी हा फिरवायचा, नळ उघडे सोडायचे,
नळ्यांतलं पाणी घसरत जमिनीखाली जातं,
चार फूट खोल, जिथवर थंडीचा हात पोचत नाही.
फिरवला. नळानं हवा आत ओढली:
घुर्रर्र, गट्, गट्,
आणि शेवटी एक लांबलचक उसासा.

फडक्यासकट बाईंचा हात थांबला.
"हा आवाज," त्या म्हणाल्या,
"हा घराचा आहे ना?
मी अंथरुणात पडले की रोज यायचा.
मला वाटायचं, झोपताना घर असं करतं.
नोव्हेंबरात हे गेले. आवाज बंद झाला.
म्हटलं, साहजिक आहे."

मी पान्हा शोधत राहिलो.
होता माझ्या हातातच.

"परत करा," म्हणाल्या.
पाणी चढवलं, परत उतरवलं.
तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच दांडा धरला, दोन्ही हातांनी,
ऐकलं शेवटपर्यंत.
"एवढंच?" जरा रागानंच म्हणाल्या.
"मग एवढंच सांगायचं होतं की."
ते मला नव्हतं.

बिलात लावलं: दोन फूट तांबं, दोन जोड, दीड तास.
तीनदा उतरवलेल्या पाण्याचं काही लावलं नाही.
त्यांनी खारवलेला मुळा बांधून दिला.

त्या रात्री मी बायकोला हाक मारली,
"इकडे ये जरा. हा दांडा बघून ठेव.
उद्या मी नसलो तर—"
ती मोजे ओढत आली. दांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"रात्री-बेरात्री तू लोकांचे फुटलेले सांधत फिरतोस,
तेव्हा इथे हा कोण फिरवतं, असं वाटतं तुला?"

दिवा मालवून ती गेली.
मी चाचपून पाहिलं.
नळ उघडाच होता, कोरडा.
आवाज केव्हाच होऊन गेला होता.