ब

शहराचं नाव हल.
आमच्या व्याकरणात हल् म्हणजे नुसतं व्यंजन,
स्वराचा हात सुटलेलं, पाय मोडलेलं.
तिथल्या लोकांना हे ठाऊक असायचं कारण नाही.
ते मासे पकडत. आता
मासे पकडल्याच्या आठवणी पकडतात.

जुन्या धुरीघराच्या वरच्या मजल्यावर
बेरिल एका राजाचा आवाज कापायला बसलीय.
सिनेमातला राजा. गळ्यापर्यंत बटणं,
समोर मायक्रोफोन, लाल दिवा,
दिव्यापलीकडे कान लावून थांबलेलं अख्खं राज्य
आणि तोंडात एक अक्षर, जे बाहेर येत नाही.

सात सेकंद.
निर्मात्याची चिठ्ठी: तीन करा. लोक उठून जातील.

बेरिल हेडफोन दाबून धरते.
शांततेत काय काय असतं, ते ओळखण्याचाच तिला पगार मिळतो:
खुर्चीचं कातडं, लाळेची टिचकी,
कॉलरखाली अडकलेला आवंढा.
नट गुणी आहे, घोटून शिकलाय.
ब-ब-ब करतो, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखा.
ऐकायला गोड, म्हणूनच खोटं.
खरं अडतं तेव्हा आवाज होत नाही.
दार कुणीतरी आतून धरून ठेवतं, एवढंच.

तिचा बाप, एनोक, ट्रॉलरवर जाळी ओढायचा,
आइसलंडच्या बाजूला, तीन-तीन आठवडे.
तिथे बोलायची फारशी गरज पडत नसे.
गरज किनाऱ्यावर पडायची.
दुकानात बटर म्हणता यायचं नाही,
म्हणून मार्जरीन मागायचा.
घरात वर्षानुवर्षं मार्जरीन.
शेजारणी म्हणत, एनोक चिकट.
चिकट ब होता.

मुलीचं नाव ठेवलं तेव्हा तो समुद्रावर होता.
परतला, पाळण्यावर वाकला, ओठ मिटले
आणि मिटलेलेच राहिले.
पुढे तो तिला शीळ घालून हाक मारायचा,
दोन सूर, दुसरा किंचित वर,
शाळेच्या फाटकाशी, गोदीच्या भिंतीमागून, धुक्यात.
शिळेला व्यंजन लागत नाही.

लोक चांगले होते. त्याचे शब्द पूर्ण करायचे,
एखाद्याच्या हातातली पिशवी
न विचारता काढून घ्यावी तसे.
एकदा स्टेशनवर जायचं होतं बेव्हर्लीला,
खिडकीतल्या माणसाने मदत केली
आणि तिकीट निघालं ब्रिडलिंग्टनचं.
वाटेत बेव्हर्ली आलं. तो उतरला नाही.
हातातल्या तिकिटाचं फाटकावर काय सांगणार?
शेवटपर्यंत गेला,
समुद्र बघितला, जो तो रोजच बघायचा,
आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

बेरिल नटाचे ब एकेक करून वेचते,
तांदळातले खडे वेचावेत तसे.
उरतं ते उघडं. सात सेकंद, पुरते.
मग खणातून एक कॅसेट,
फोनच्या यंत्रावरचा निरोप, तिच्या वाढदिवसाचा,
तो गेला त्या वर्षीचा:
एक लांब श्वास, ओठ मिटल्याचा बारीक आवाज,
काही नाही,
काही नाही,
मग शीळ.

श्वास तेवढा ती कापते, राजाच्या छातीत ठेवते.
शीळ देत नाही.

लंडनला पहिला खेळ. मखमली खुर्च्या,
निर्माता दोन रांगा पुढे, नवे बूट.
लाल दिवा लागतो.
राजा श्वास घेतो, आणि बेरिल
अंधारात आपोआप मान वळवते,
धुक्यातून कुणी हाक मारणार असल्यासारखी.
एक. दोन. तीन.
इथे निर्माता चुळबुळतो.
चार.
पाचव्याला मागच्या रांगेतल्या कुणा दयाळू बाईने
राजाचा शब्द पूर्ण केला, हळूच.

चुकीचा होता.